इंग्रजी उतारा आणि निबंध: शब्दांच्या याद्या बाजूला ठेवा, आधी परिच्छेद वाचायला शिका

वाळपईजवळच्या गावातून रोज पणजीला नोकरीला जाणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, पुढे बी. कॉम. आता सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसायचं आहे आणि त्यात इंग्रजीचा उतारा आणि निबंध आहे. व्याकरणाचं पुस्तक दोनदा करून झालं, रोज वीस नवे शब्द पाठ होतात, तरी उताऱ्याचे निम्मे प्रश्न चुकतात आणि निबंध दीड पानात आटपतो. हातात तीन महिने आहेत. शेवटी तिने विचारलं आहे, "माझं इंग्रजीच कच्चं आहे का?"

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मला तसं वाटत नाही. इंग्रजी कच्चं असतं तर व्याकरणाचं पुस्तक दुसऱ्यांदा पूर्ण झालंच नसतं. तुमचं वाचन शाळेतल्या पद्धतीचं राहिलं आहे, अडचण ती आहे. फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि आता संध्याकाळी स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांची उत्तरं तपासून देतो. तुमच्यासारखी मुलं गोव्यात गावोगावी आहेत. मराठी शाळेतून पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात गेल्यावर टिकून राहायला आपण एक युक्ती शिकतो: प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य उत्तर म्हणून उतरवायचं. दहावीपर्यंत ती युक्ती गुण देते. या परीक्षांत तिचाच सापळा होतो, कारण प्रश्न काढणाऱ्याला ती पुरती ठाऊक असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. कोणती परीक्षा ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तयारी बरीचशी त्यावर ठरते. उताऱ्याचे प्रश्न बहुपर्यायी आहेत की उत्तरं स्वतः लिहायची आहेत? चुकीच्या उत्तराला गुण कापतात का? निबंध कागदावर लिहायचा की संगणकावर टंकायचा? बँकांच्या परीक्षांत वर्णनात्मक भाग टंकावा लागतो. तिथे अक्षर कसं आहे याला काडीचं महत्त्व नाही आणि बोटांच्या वेगाला फार आहे. जाहिरातीबरोबरचा अभ्यासक्रम दुसऱ्या कोणाच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचा, आणि दर वर्षी नव्याने वाचा. पुढचं सगळं मी पेन-कागदाची परीक्षा धरून सांगतो.

सरावाला मी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला अनिवार्य इंग्रजीचा पेपर देतो, मग मुलगी त्या परीक्षेला बसणार असो वा नसो. पेपर ३०० गुणांचा, वेळ तीन तास. साधारण ६०० शब्दांचा निबंध १०० गुणांना, उतारा ७५ ला, सारांशलेखन ७५ ला, उरलेले ५० व्याकरण आणि शब्दप्रयोगाचे. तिथे हा पेपर फक्त पात्रतेपुरता असतो. २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळाले की झालं, गुणवत्ता यादीत ते धरत नाहीत. पण ते ७५ पडले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन, ऐच्छिक विषय हे बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, त्यामुळे बाजारातले सराव संच विकत घ्यायची गरज नाही. त्या संचांतले उतारे बरेचदा घाईत कुठून तरी उचललेले असतात आणि उत्तरसूचीच चुकलेली असते. मग बरोबर उत्तर देणारी मुलगी आपण चुकलो म्हणून रडत बसते.

आता उतारा. एक छोटा उतारा मीच रचतो. तो इंग्रजीत आहे असं समजा, मी इथे आशय देतो:

खाजन शेतीचे, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचे, बांध पूर्वी गांवकारी ही गावाची सामुदायिक संस्था सांभाळत असे. कूळ कायद्यानंतर ही देखभाल कूळ संघांकडे आली. पण घरातली माणसं नोकरीला लागली आणि बांधावर फेरी मारणारं कोणी उरलं नाही. बांधाला पडलेलं भोक त्याच दिवशी दिसलं तर ते बुजवणं दोन माणसांचं काम आहे. मधे एक मोठी भरती येऊन गेली की तिथे भगदाड पडतं, खारं पाणी आत शिरतं आणि शेतात पुढची काही वर्षं भात होत नाही.

प्रश्न असा: लेखकाच्या मते शेतं खारी का होतात? पर्याय चार. समुद्राची पातळी वाढल्यामुळे, कूळ कायद्यामुळे, बांधाकडे वेळेवर लक्ष न गेल्यामुळे, मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवरच्या, मासेमारीमुळे.

वर सांगितलेली शाळेतली युक्ती वापरणारा कूळ कायद्यावर खूण करतो, कारण तो शब्द उताऱ्यात दिसतो. खाजनाकाठी वाढलेला मुलगा बेधडक मासेमारी निवडतो, कारण मासे धरायला मानशीची दारं वेळी-अवेळी उघडतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पर्यावरणावर दोन व्हिडिओ पाहिलेला समुद्राच्या पातळीकडे जातो. हे तिघेही काही खोटं बोलत नाहीत. पण लेखक यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, फेरी मारणारं माणूस उरलं नाही. कायद्याचा उल्लेख त्याने केला तो जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली एवढं सांगण्यापुरता.

ओळखीच्या विषयावरचा उतारा अनोळखी विषयापेक्षा जास्त गुण घालवतो, हे माझं ठाम मत आहे. पेंग्विनवर उतारा आला की आपण मुकाट्याने लेखकाचं ऐकतो. खाण, पर्यटन, म्हादई नदीचा वाद आला की आपण त्याच्याशी वाद घालायला बसतो. तेव्हा 'लेखकाच्या मते' हे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ ओढा, आणि पर्याय निवडल्यावर उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता येतंय का ते पाहा. ओळ सापडली नाही तर तो पर्याय सोडा, कितीही खरा वाटो.

याच उताऱ्यावर दुसरा प्रश्न येऊ शकतो: 'दोन माणसांचं काम' हा उल्लेख लेखकाने का केला? याचं उत्तर कुठल्याच ओळीत सापडणार नाही. दुरुस्ती किती किरकोळ होती आणि टाळल्यामुळे नुकसान केवढं झालं, हा फरक दाखवायला त्याने तो केला. वाक्य काय सांगतं हे तुम्हाला कळतं. ते तिथे का आलंय हे विचारायची सवय नाही, आणि तुमचे निम्मे गुण इथेच जात असावेत. सवय लावायचा उपाय अगदी कंटाळवाणा आहे. वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या समासात मराठीत दोन-तीन शब्द लिहायचे: 'पूर्वीची पद्धत', 'बदल कसा झाला', 'उदाहरण', 'विरोधकांचं म्हणणं', 'लेखकाचा निष्कर्ष'. पहिले पंधरा दिवस हे फार हळू होतं. नंतर हात न लावताही मनात होऊ लागतं.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर क्लासवाले तावातावाने भांडतात. माझ्या मते बहुपर्यायी पेपरात प्रश्नांवरून नजर फिरवून मग उतारा वाचावा, पर्याय मात्र वाचू नयेत. चुकीचे पर्याय आधी डोक्यात शिरले की उताऱ्यात तेच दिसायला लागतात. उत्तरं लिहायची असतील तर सरळ उतारा दोनदा वाचा. पर्याय चाळताना 'ऑल्वेज', 'नेव्हर', 'ओन्ली' असे टोकाचे शब्द दिसले तर थांबा. ते दर वेळी चूकच असतात असं नाही, पण लेखक स्वतः तितकं टोकाचं बोललाय का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शब्दसंग्रहाचं थोडक्यात सांगतो. रोज वीस शब्द पाठ करणं आजपासून बंद. त्याऐवजी ज्या अग्रलेखात शब्द अडला तिथूनच चार-पाच शब्द घ्या, ते ज्या वाक्यात आले ते पूर्ण वाक्य वहीत उतरवा, आणि त्या आठवड्याच्या निबंधात त्यातले दोन तरी स्वतः वापरा. न वापरलेला शब्द परीक्षेत आठवत नाही, आणि आठवला तरी भलत्याच जागी बसतो.

वाचायला रोज एक अग्रलेख पुरे. 'नवहिंद टाइम्स' घ्या, 'हेराल्ड' घ्या, जो हाताशी असेल तो. तुमच्यासारख्यांना मी एक वेगळी गोष्ट सुचवतो: त्याच विषयावरची बातमी आधी 'नवप्रभा' किंवा 'तरुण भारत'मध्ये मराठीत वाचा. प्रकरण काय आहे हे आधीच कळलेलं असलं की इंग्रजी अग्रलेख वाचताना माहिती गोळा करण्यात डोकं अडकत नाही, मांडणीकडे लक्ष देता येतं. सुरुवातीचा महिनाभर हा आधार घ्या, मग सोडून द्या. वाळपई–पणजी बसमध्ये वाचन होतं, लिखाण होत नाही, तेव्हा बसचा वेळ यालाच ठेवा. नोकरी पणजीत आहे तर पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय तुमच्या वाटेवरच आहे. कदंब बसस्थानकापासून चालत पोचता येतं. सगळी वर्तमानपत्रं तिथे बसून चाळता येतात, आणि घरी जे कधीच मिळत नाही ते, टेबल आणि शांतता, तिथे मिळतं.

अग्रलेख वाचून झाला की तो मिटून ठेवा आणि त्याचा सारांश इंग्रजीत लिहा, मूळच्या एक-तृतीयांश लांबीत. तुमच्या परीक्षेत सारांशलेखन नसलं तरी हे कराच. माझ्या हातात एकच सराव द्यायची मुभा असती तर मी हाच दिला असता, कारण यात उतारा आणि निबंध दोन्ही एकदम घडतात. लेखकाचा मुद्दा पकडावा लागतो आणि तो स्वतःच्या वाक्यांत मांडावा लागतो. मिटून ठेवायचं कारण हेच, की समोर उघडा असला तर आपण त्याचीच वाक्यं कापून-जोडून लावतो. लिहून झाल्यावर ताडून पाहा: उदाहरणं गाळली का, एकच मुद्दा दोनदा तर आला नाही ना, आणि मुख्य म्हणजे लेखकाने न म्हटलेलं काही आपल्या पदरचं घुसलं का. आयोगाच्या पेपरात सारांशाला शीर्षक देऊ नका अशी स्पष्ट सूचना असते. तरीही शाळेतल्या सवयीने शीर्षक देणारे दर वेळी भेटतात. सूचना वाचण्याचेही गुण असतात असं समजा.

आता निबंध. दीड पानात संपतो याचा अर्थ इंग्रजी अपुरं पडतं असा नाही. सांगण्यासारखं काही गोळा न करताच तुम्ही लिहायला बसता. खाणींवरच्या निबंधातला हा परिच्छेद बघा, असे माझ्याकडे गठ्ठ्याने येतात: "नाऊ-अ-डेज मायनिंग हॅज बोथ ॲडव्हान्टेजेस अँड डिसॲडव्हान्टेजेस. इट गिव्ह्ज एम्प्लॉयमेंट बट इट डिस्ट्रॉइज नेचर. वुई शुड कीप अ बॅलन्स." सुरुवातीचा 'नाऊ-अ-डेज' सोडला तर व्याकरणात काही चूक नाही. पण 'मायनिंग'च्या जागी 'टुरिझम' घाला, 'इंडस्ट्री' घाला, परिच्छेद तस्साच चालतो. शब्द बदलूनही परिच्छेद चालत असेल तर तो निबंध कशावरच नाही, हे तपासणाऱ्याला पहिल्या तीन ओळींत कळतं.

हा परिच्छेद लिहिणाऱ्या मुलीला मी विचारलं, खाणी बंद पडल्या तेव्हा तुमच्या भागात काय झालं? ती मराठीत दहा मिनिटं बोलली. ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेजं आणि चहाची दुकानं ओस पडली, मांडवीतले बार्ज नांगर टाकून बसले. आणि ज्यांच्या शेतात डंपची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगाची, माती वाहून आली होती त्यांचं शेत काही खाणी बंद झाल्या म्हणून परत आलं नाही. हे सगळं तिच्याकडे होतंच, निबंधात आणायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग ते असं उतरलं: "व्हेन द माइन्स स्टॉप्ड इन २०१२, द ट्रक ओनर इन सावर्डे लॉस्ट हिज इन्कम, बट द फार्मर बिलो द डम्प डिड नॉट गेट हिज फील्ड बॅक." इथे एकही अवघड शब्द नाही. तरी खाण चालू असताना एकाचं नुकसान, बंद झाल्यावर दुसऱ्याचं, आणि पहिल्याची भरपाई मात्र कोणीच केली नाही, हे त्या एका वाक्यात आलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, तो मुद्दा तिने पुढच्या परिच्छेदाला घेतला, आणि निबंध आपोआप वाढला.

विषय हाती आल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं एकही वाक्य लिहू नका. कच्च्या कागदावर, खुशाल मराठीत, एवढंच मांडा: याचा फायदा कोणाला, भुर्दंड कोणावर, हे कधीपासून असं आहे, मधे काय बदललं, माझ्या उलट मत असलेला शहाणा माणूस काय म्हणेल. त्यातून पाच-सहा मुद्दे निघतात. एका मुद्द्याचा एक परिच्छेद, प्रत्येकी शंभरेक शब्द, की झाले ६००. 'साधेपणा' किंवा 'मौन' असा हवेतला विषय आला तर आधी एखादा प्रसंग किंवा माणूस ठरवा आणि त्यालाच हे प्रश्न विचारा.

मुद्दे मराठीत काढा म्हटलं की काही जण दचकतात. इंग्रजीतच विचार करायला हवा असं त्यांना सांगितलेलं असतं. मुद्दा कुठल्याही भाषेत सुचू दे. वाक्य मात्र मराठीतून उतरवायला जाऊ नका. मराठीत आपण 'तिथे जाऊन, बघून, विचारून मग' अशी साखळी सहज ओढतो. तीच इंग्रजीत ओढली की स्वल्पविरामांची माळ होते आणि शेवटपर्यंत कर्ता सापडत नाही. एका वाक्यात एक क्रियापद, फार तर दोन, अशी शिस्त पहिला महिना पाळा. निबंध थोडा शाळकरी वाटेल, वाटू दे. चुका निम्म्याने कमी होतील.

सुरुवातीला सुविचार टाकायची हौस सोडा. गांधी आणि कलाम यांच्या नावावर जेवढी वाक्यं खपवली जातात तेवढी बोलायला दोघांना आणखी एकेक जन्म लागला असता. वाक्य नक्की कोणाचं हे ठाऊक नसेल तर ते लिहायचं नाही. पहिल्या परिच्छेदात नेमका प्रश्न काय आहे ते सांगा आणि आपली बाजू कोणती ते सूचित करा, बस्स.

व्याकरणाचं पुस्तक आता तिसऱ्यांदा करू नका. त्याऐवजी चुकांची वही करा. आठवड्याला दोन निबंध लिहा आणि गावातल्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या टीचरना दाखवा. निवृत्त झालेल्या असतील तर अधिकच उत्तम, त्यांच्याकडे वेळ असतो आणि लाल पेनची सवय सुटलेली नसते. तसं कोणी नसेल तर संगणकावरचं तपासणीचं साधन वापरायला हरकत नाही, पण निबंध पूर्ण हाताने लिहून झाल्यावर, आणि फक्त चूक दाखवायला. दुरुस्त केलेला निबंध त्याच्याकडून मागून घेतलात तर शिकणार ते साधन, तुम्ही नाही. चुका वहीत उतरवल्या की दिसेल, त्याच सात-आठ फिरून फिरून येतात: 'डिड नॉट वेन्ट', 'डिस्कस अबाउट', 'वन ऑफ माय फ्रेंड', 'सिन्स थ्री इयर्स', आणि 'अ', 'ॲन', 'द' कुठे हवं आणि कुठे नको. ही शेवटची चूक आपल्याला सगळ्यांत चिवट, कारण मराठीत असलं काही नसतंच. एका आठवड्याला एकच चूक पकडा आणि त्या आठवड्यातला प्रत्येक निबंध फक्त तिच्यासाठी पुन्हा एकदा वाचा.

नोकरी करणाऱ्यांचा एक खास प्रश्न असतो, तो शेवटच्या महिन्यात लक्षात येतो: पेनने लिहायची सवयच गेलेली असते. तासाभरात मनगट दुखायला लागतं आणि शेवटचं पान कोणालाच वाचता येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून रेघांच्या कागदावर, परीक्षेला नेणार त्याच पेनने लिहा. आपल्या अक्षरात एका पानावर किती शब्द बसतात ते एकदा मोजून ठेवा, म्हणजे परीक्षेत शब्द मोजत बसावं लागणार नाही.

शेवटच्या तीन-चार आठवड्यांत, रविवारी सकाळी, पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. ३०० गुणांना १८० मिनिटं म्हणजे हिशेब सरळ आहे: निबंधाला तासभर, उतारा आणि सारांश प्रत्येकी पाऊण तास, व्याकरणाला अर्धा तास. व्याकरण अर्ध्या तासाच्या आतच आटपतं, वाचलेली मिनिटं सारांशाला द्या. क्रम मात्र बदला. बहुतेक जण निबंध शेवटी ठेवतात, तो मोठा आहे म्हणून. मग उताऱ्यातल्या एका अडलेल्या प्रश्नावर वीस मिनिटं जातात आणि १०० गुणांच्या प्रश्नाला पस्तीस मिनिटं उरतात. तुम्ही उतारा आधी घ्या, म्हणजे डोकं इंग्रजीत शिरतं, आणि त्यानंतर लगेच निबंध. हात आणि डोकं दोन्ही ताजे असताना तो होऊन जाऊ दे. सारांश आणि व्याकरण थकलेल्या हातानेही लिहून होतं.